डीबगर विचारतो तेव्हा प्रोग्रॅमचं काय होतं

कुरिअरचे दर काढणारा एक सी++ प्रोग्रॅम घ्या. त्यात पिनकोडनुसार दर ठेवलेला एक मॅप आहे, नाव रेट्स. सुरुवातीला फाइल वाचून तो भरला जातो. पुढे पार्सल आलं की प्रोग्रॅम आधी तो पिनकोड मॅपमध्ये शोधतो, आणि सापडला नाही तर 'दर उपलब्ध नाही' असा संदेश देऊन थांबतो. नाशिकच्या ४२२००१ साठी हा संदेश येतोय, आणि का येतोय ते कळत नाही. म्हणून शोधण्याच्या ओळीच्या जरा आधी ब्रेकपॉइंट लावला, प्रोग्रॅम तिथे थांबला, आणि डीबगरला विचारलं: रेट्स[पिन] किती? उत्तर आलं, शून्य. मग प्रोग्रॅम पुढे जाऊ दिला, तर संदेश आलाच नाही. पार्सल शून्य रुपयांत रवाना झालं.

सी++च्या मॅपला चौकटी कंसात एखादी की विचारली आणि ती नसली, तर मॅप ती तिथल्या तिथे तयार करतो आणि तिच्यापुढे शून्य मांडतो. भाषेचा नियमच तसा आहे. डीबगरने तो नियम इमानाने पाळला. त्यामुळे 'की नाही' हा जो दोष आपण शोधत होतो, तो आपल्याच प्रश्नाने मिटवून टाकला, निदान तेवढ्या एका खेपेपुरता. पुन्हा चालवून बघितलं की दोष परत हजर, आणि मग माणूस यंत्राला शिव्या देतो.

थांबलेल्या प्रोग्रॅमकडून माहिती काढण्याचे दोन मार्ग असतात. झोपलेल्या माणसाच्या खिशातलं पाकीट काढून पैसे मोजता येतात, किंवा त्याला हलवून उठवून 'किती आहेत?' असं विचारता येतं. दुसऱ्या मार्गाने तो कूस बदलतो, कधी उठून चालायलाही लागतो. डीबगरच्या पडद्यावर मात्र दोन्ही मार्ग अगदी एकसारखे दिसतात: एक ओळ टाइप करायची आणि उत्तर वाचायचं. स्क्रिप्ट लिहायला लागल्यावर तर हा फरक आणखी लपतो, कारण तीच ओळ आता एका लूपमध्ये हजार वेळा चालते आणि प्रत्येक वेळी बघायला माणूस समोर नसतो.

आधी वाचण्याचा मार्ग बघू. डीबगर हा स्वतः एक वेगळा प्रोग्रॅम असतो. लिनक्सवर पीट्रेस नावाच्या सिस्टिम कॉलच्या आधारे तो दुसऱ्या प्रोसेसची मेमरी आणि रजिस्टर वाचतो, बदलतो. इंटेलच्या प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट लावणं म्हणजे त्या जागचा एक बाइट बाजूला काढून तिथे हेक्साडेसिमल 'सीसी' हा बाइट ठेवणं. प्रोसेसर तिथे पोचला की अडतो आणि कर्नल डीबगरला कळवतं. पण या पातळीवर 'पिन' किंवा 'रेट्स' असं काहीच नसतं. असतात फक्त पत्ते आणि बाइट. नावं येतात ती कंपायलरला 'उणे जी' हा पर्याय दिल्यावर त्याने लिहून ठेवलेल्या माहितीतून. युनिक्सच्या कुळात या माहितीचा साचा ड्वार्फ म्हणून ओळखला जातो आणि त्याची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये आली.

ड्वार्फमधली एक गोष्ट मला फार आवडते. 'पिन कुठे आहे?' याचं उत्तर तिथे नुसता पत्ता म्हणून दिलेलं नसतं. ते एका चिमुकल्या स्टॅक-यंत्राचा प्रोग्रॅम म्हणून दिलेलं असतं: फ्रेमचा पाया घे, त्यातून वीस वजा कर, आलेल्या जागी वाच. कंपायलरने ऑप्टिमायझेशन केलं असेल तर हाच प्रोग्रॅम ओळीगणिक बदलतो. इथपर्यंत व्हेरिएबल अमुक रजिस्टरमध्ये आहे, पुढच्या चार हुकुमांनंतर स्टॅकवर आहे, त्यापुढे कुठेच नाही. 'ऑप्टिमाइझ्ड आउट' हे शब्द पडद्यावर बघून चिडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की डीबगर तिथे काही लपवत नसतो. ते मूल्य त्या क्षणी यंत्रात उरलेलं नसतं, किंवा ते कुठे आहे हे कंपायलरने लिहून ठेवलेलं नसतं.

जागा कळली, प्रकार कळला, बाइट वाचले, आकडा दाखवला. 'पिन अधिक एक' ही बेरीजही डीबगर आपल्या घरीच करतो. एवढ्यात मूळ प्रोग्रॅमच्या अंगाला बोटही लागत नाही.

बोट लागतं ते एक्स्प्रेशनमध्ये फंक्शन आलं की, मग ते मॅपच्या चौकटी कंसामागे लपलेलं का असेना. जीडीबी हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहायला घेतलेला डीबगर. त्याच्याकडे सी आणि सी++ समजून घेणारा स्वतःचा पार्सर आहे. फंक्शन बोलवायची वेळ आली की तो चालू फ्रेमची रजिस्टरं टिपून ठेवतो, आर्ग्युमेंट ठरलेल्या रजिस्टरांत भरतो, आणि परतीचा पत्ता म्हणून अशी जागा देतो जिथे त्याने आधीच ब्रेकपॉइंट लावलेला असतो. एएमडी६४च्या लिनक्सवर स्टॅकच्या टोकाखालचे १२८ बाइट चालू फंक्शनने न सांगता वापरलेले असू शकतात, म्हणून तेवढी पट्टी ओलांडून मगच तो खोटी फ्रेम उभारतो. मग प्रोसेस सुरू करतो. फंक्शन संपतं, ब्रेकपॉइंटवर आपटतं, निकाल हाती येतो आणि रजिस्टरं जशीच्या तशी परत बसवली जातात.

मेमरी मात्र परत बसवली जात नाही. फंक्शनने कॅशमधला क्रम हलवला, लॉगमध्ये ओळ लिहिली, मोजणी एकाने वाढवली, तर ते सगळं तसंच राहतं.

एलएलडीबी, म्हणजे ॲपलने २०१० मध्ये खुला केलेला आणि एलएलव्हीएम प्रकल्पात वाढलेला डीबगर, याच कामाला निराळ्या वाटेने जातो. सी++ इतकी गुंतागुंतीची भाषा दुसऱ्यांदा नव्याने कशाला समजून घ्यायची, असा त्यांचा रोकडा विचार. तुम्ही लिहिलेली ओळ तो एका तात्पुरत्या फंक्शनच्या पोटात घालतो आणि क्लँग या खऱ्या कंपायलरकडे सोपवतो. त्यातून निघालेला मशीन कोड चालू प्रोसेसच्याच मेमरीत थोडी जागा मागून तिथे ठेवला जातो आणि चालवला जातो. ओळ साधी असेल, त्यात कुठलं फंक्शन नसेल, तर कोड न पाठवता मधल्या रूपावरच हिशेब करून तो मोकळा होतो. त्यामुळे टेम्प्लेट, ओव्हरलोड, लॅम्डा असं बरंच काही एलएलडीबीत चालून जातं, जिथे जीडीबी अनेकदा हात वर करतो. बदल्यात प्रत्येक एक्स्प्रेशनमागे एक छोटं कंपाइल करणं येतं. टाइप करणाऱ्याला ते जाणवत नाही. दहा हजार नोड असलेल्या लिंक्ड लिस्टवर स्क्रिप्ट फिरवणाऱ्याला मात्र चांगलंच जाणवतं.

आता स्क्रिप्टकडे. जीडीबीला स्वतःची हुकूम-भाषा फार पूर्वीपासून होती. तीत 'इफ', 'व्हाइल' आणि डॉलरने सुरू होणारी व्हेरिएबलही होती. पण तिच्यात काही मोठं लिहायचं म्हणजे घाम फुटायचा. लोक मग बाहेरून जीडीबी चालवत, त्याने छापलेला मजकूर पकडत आणि त्यातून आकडे वेचत. २००९ मध्ये जीडीबी ७.० आला आणि त्याच्या पोटात पायथॉन आलं. तेव्हापासून एक्स्प्रेशनचं उत्तर छापील ओळ म्हणून न येता वस्तू म्हणून हातात येऊ लागलं. 'पार्स अँड इव्हॅल' या फंक्शनला मजकूर द्या, ते 'व्हॅल्यू' देतं. त्या व्हॅल्यूला आपला प्रकार ठाऊक असतो, पॉइंटर असेल तर तिच्यातून पलीकडे जाता येतं, स्ट्रक्ट असेल तर फील्डचं नाव देऊन आत शिरता येतं, दोन व्हॅल्यूंची बेरीज केली तर सी भाषेच्या नियमांनी होते. एलएलडीबीत हेच काम फ्रेमवरचं 'इव्हॅल्युएट एक्स्प्रेशन' करतं आणि 'एसबी व्हॅल्यू' परत देतं.

दोघांचे स्वभाव मात्र वेगळे आहेत, आणि स्क्रिप्टा फसतात त्या बहुतेक इथेच. जीडीबीत एक्स्प्रेशन चुकलं तर पायथॉनचं एक्सेप्शन उठतं आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. एलएलडीबीत तसं होत नाही. चुकलेलं एक्स्प्रेशनही एक एसबी व्हॅल्यू देतं. फक्त तिच्यात एरर भरलेला असतो. तो न तपासता तिच्याकडे पूर्णांक मागितला तर ती गुपचूप शून्य देते, कारण फसल्यास द्यायचं ठरीव उत्तर शून्य आहे. म्हणजे 'लिस्टची लांबी शून्य' आणि 'लांबी काढताच आली नाही' यात वरवर काही फरक उरत नाही. पूर्णांक मागतानाच एरर नोंदवायला वेगळी वस्तू देता येते, किंवा आधी व्हॅल्यूलाच तिचा एरर विचारता येतो. दोन्हींपैकी एक सवय नसेल तर एलएलडीबीची स्क्रिप्ट लिहूच नये, इतकं माझं यावर ठाम मत आहे.

जीडीबीची व्हॅल्यू आळशी असते, हेही सांगायला हवं. एखाद्या मोठ्या ॲरेचं नाव पार्स अँड इव्हॅलला दिलं तर तो ॲरे लगेच वाचला जात नाही. खरोखर गरज पडेल तेव्हा मेमरीला हात लागतो. आठशे मेगाबाइटच्या बफरमधला एकच घटक हवा असेल तर हे वरदान आहे. पण व्हॅल्यू घेतली, प्रोग्रॅम एक पाऊल पुढे नेला आणि मग ती छापली, तर आपल्याला जुन्या क्षणाचं मूल्य हवं होतं आणि मिळालं नव्या क्षणाचं, असं होऊ शकतं. त्या क्षणीच वाचून ठेवायला वेगळी मेथड दिलेली आहे, ती वापरायची. एलएलडीबीत 'फाइंड व्हेरिएबल'ने मिळालेली व्हॅल्यू प्रोग्रॅमसोबत बदलत राहते, आणि एक्स्प्रेशनचा निकाल मात्र डॉलर शून्य, डॉलर एक अशा नावाने बाजूला काढून ठेवला जातो.

तसंही, व्हेरिएबलचं नाव माहीत असताना एक्स्प्रेशन कशाला लिहायचं? एलएलडीबीत फाइंड व्हेरिएबलने व्हेरिएबल घ्यावं, मग नाव देऊन एकेक सदस्याकडे जावं. हा निव्वळ वाचण्याचा मार्ग आहे: कंपाइल नाही, चालवणं नाही. स्क्रिप्टमध्ये मजकूर जोडून जोडून 'हा पत्ता अमुक प्रकारचा समज, त्याच्या पुढच्या नोडवर जा' अशी एक्स्प्रेशनं बनवण्याची सवय बऱ्याच जणांना असते. चालतं ते, पण हळू चालतं, आणि त्याच नावाचा प्रकार दुसऱ्या नेमस्पेसमध्ये निघाला की भलताच अर्थ लागतो. हाताने टाइप करणाऱ्यांसाठी एलएलडीबीच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी एक शहाणपणा केला आहे. तिथला 'पी' हुकूम आधी साधं व्हेरिएबल म्हणून शोधून बघतो आणि नाही जमलं तरच एक्स्प्रेशनच्या वाटेला जातो.

फंक्शन चालवण्याचे खरे धोके अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये दिसतात. समजा एक थ्रेड मॅलॉकच्या आत, कुलूप हातात धरून थांबलेला आहे. आपण दुसऱ्या थ्रेडवर उभे राहून असं एक्स्प्रेशन दिलं, ज्याला मेमरी लागते. ते मॅलॉककडे जातं, कुलपापाशी थबकतं. कुलूप सोडणारा थ्रेड तर आपणच गोठवून ठेवलेला. एलएलडीबी यावर तोडगा काढतो: आधी फक्त चालू थ्रेड पळवायचा, ठरलेल्या वेळात काम झालं नाही तर थोडा वेळ सगळेच थ्रेड सोडायचे. कोंडी फुटते. पण तेवढ्यात बाकीचे थ्रेड कुठल्या कुठे गेलेले असतात, आणि ज्या क्षणाचा आपण तपास करत होतो तो क्षण हातचा जातो. म्हणून एसबी एक्स्प्रेशन ऑप्शन्समध्ये वेळेची मर्यादा आणि सगळे थ्रेड सोडायचे की नाही, हे दोन्ही ठरवता येतं. शर्यतीचे दोष शोधणाऱ्या स्क्रिप्टमध्ये सगळे थ्रेड सोडण्याची मुभा बंदच असावी. एक्स्प्रेशन फसलं तरी चालेल. निदान फसलं हे तरी कळतं.

फंक्शनचं नाव न घेताही मेमरी मागितली जाते, हे अनेकांना ठाऊक नसतं. जीडीबीत ब्रेकपॉइंटला अट घातली: स्ट्रकंपने नाव आणि 'नाशिक' यांची तुलना शून्य आली तरच थांब. इथे स्ट्रकंप चालणार हे दिसतंच. न दिसणारी गोष्ट अशी की 'नाशिक' ही अक्षरं डीबगरच्या मेमरीत आहेत, प्रोग्रॅमच्या नाहीत. स्ट्रकंपला ती देण्यासाठी जीडीबी आधी प्रोग्रॅमचंच मॅलॉक बोलावतो, तिथे जागा घेतो, अक्षरं उतरवतो, आणि ती जागा कधी परत करत नाही. ही अट लाखदा तपासली गेली तर लाख वेळा मॅलॉक. मेमरी गळतीचा शोध घेताना अशी अट घातली, तर जी गळती सापडेल ती आपलीच असेल. यावरचा उपाय जीडीबीसोबतच येतो: 'डॉलर अंडरस्कोर स्ट्रेक' हे पायथॉनमध्ये लिहिलेलं फंक्शन तीच तुलना प्रोग्रॅमची मेमरी नुसती वाचून करतं.

अटींचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. अटीत दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं तर डीबगर ते बिनतक्रार मान्य करतो, आणि दर खेपेला व्हेरिएबलमध्ये ते मूल्य भरत जातो.

अट फार गुंतागुंतीची होऊ लागली की ती पायथॉनमध्ये न्यावी. जीडीबीत ब्रेकपॉइंटचा क्लास घेऊन त्याची 'स्टॉप' मेथड लिहिता येते. ती खोटं परत करील तर प्रोग्रॅम पुढे चालू राहतो. मात्र त्या मेथडच्या आतून प्रोग्रॅम पुढे सरकवणं, म्हणजे स्टेप वगैरे देणं, निषिद्ध आहे. एलएलडीबीत ब्रेकपॉइंटला जोडलेल्या पायथॉन फंक्शनला फ्रेम आर्ग्युमेंट म्हणून मिळते. तीच वापरायची. 'एलएलडीबी डॉट फ्रेम' हे सोयीचं व्हेरिएबल हाताने स्क्रिप्ट टाइप करतानाच भरवशाचं असतं.

चालवायचं टाळून नुसतं वाचायचं ठरवलं तर मग मॅपमध्ये काय आहे ते दाखवणार कसं? त्यासाठी मॅपच्या आतली रचना स्क्रिप्टला माहीत हवी. जीएनयूच्या सी++ लायब्ररीसोबत पायथॉनमध्ये लिहिलेले प्रिटी-प्रिंटर येतात. स्टँडर्ड मॅप तिथे रेड-ब्लॅक ट्री म्हणून साठवलेला असतो. प्रिंटर सर्वांत डावीकडच्या नोडपासून सुरू करून डावं मूल, उजवं मूल, पालक असे पॉइंटर वाचत एकेक की आणि तिचं मूल्य बाहेर काढतो. मॅपचं एकही फंक्शन बोलावलं जात नाही. रेट्स नुसता छापला असता तर ४२२००१ त्यात नाही हे लगेच दिसलं असतं, आणि मॅप तसाच राहिला असता. या पद्धतीला किंमतही आहे. लायब्ररीने आतली रचना बदलली की प्रिंटर मोडतो. म्हणूनच ते प्रिंटर डीबगरच्या घरी न राहता लायब्ररीच्या घरी राहतात आणि तिच्यासोबतच बदलतात.

सीपायथॉनची कथा याहून मजेशीर आहे. पायथॉनचा इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला आहे, त्यामुळे तो कोसळला की जीडीबीत दिसते ती इंटरप्रिटरच्या आतल्या सी फंक्शनांची रांग. तुमच्या पायथॉन कोडची कुठली ओळ चालू होती ते त्यातून कळत नाही. सीपायथॉनच्या सोर्समध्ये यासाठी जीडीबीची एक स्क्रिप्ट ठेवलेली असते. तिचा 'पीवाय बीटी' हुकूम इंटरप्रिटरच्या फ्रेमा बाइटमधून वाचून पायथॉनच्या भाषेतली रांग उभी करतो. इंटरप्रिटरला स्वतःच्या वस्तू छापता येतात, मग त्यालाच का नाही विचारायचं? कारण तो कोसळलेला आहे. ज्याची मेमरी बिघडली आहे त्याच्याकडूनच त्या मेमरीचं वर्णन करवून घेतलं तर तो आणखी एकदा कोसळेल. शिवाय कोअर फाइलमध्ये प्रोसेसच नसते, फक्त तिच्या मेमरीची प्रत असते. तिथे चालवायला कोणीच नाही. वाचता येईल तेवढंच आपलं. लिनक्स कर्नलसोबतही अशा स्क्रिप्टा मिळतात. त्यांचा 'एलएक्स पीएस' हुकूम कर्नलची मेमरी वाचून चालू प्रोसेसची यादी देतो.

या सोयीमुळे एक दार मात्र उघडं पडतं. लायब्ररी लोड झाली की तिच्या सोबतची पायथॉन स्क्रिप्ट जीडीबी आपोआप चालवू शकतो, आणि ती स्क्रिप्ट चालते तुमच्या अधिकारांनी. कोणीतरी पाठवलेली बायनरी आणि कोअर फाइल नुसती 'बघायला' उघडली तरी तिच्या शेजारची फाइल तुमच्या संगणकावर काहीही करू शकली असती. म्हणून जीडीबी 'सेफ पाथ'मध्ये नोंदवलेल्या फोल्डरांबाहेरच्या स्क्रिप्टा आपोआप चालवत नाही, नुसती सूचना देतो. त्या सूचनेला कंटाळून सेफ पाथमध्ये थेट मूळ फोल्डरच टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका; आपल्या प्रकल्पाचा फोल्डर तेवढा टाका.

आणि आपल्या जवळच्या जुन्या स्क्रिप्टांपैकी कोणत्या नुसत्या वाचतात आणि कोणत्या चालवतात हे बघायचं असेल, तर जीडीबीत 'मे कॉल फंक्शन्स' नावाची एक सेटिंग आहे. ती बंद केली की प्रोग्रॅमचं कुठलंही फंक्शन बोलावण्याचा प्रयत्न एररने अडवला जातो. सेटिंग बंद करून सगळ्या स्क्रिप्टा एकदा पळवा. ज्या अडतील त्यांच्या अडलेल्या ओळी बघा, आणि त्यातलं प्रत्येक फंक्शन प्रोग्रॅममध्ये काय बदलतं ते त्याच्या सोर्समध्ये जाऊन वाचा.